बुजलेल्या खाणींच्या काठाने

सायकलस्वार : बर्लिन आणि ड्रेस्डेन यांच्या मधल्या लाउझित्स प्रदेशात गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत तळ्यांचं जे जाळं तयार झालं, ते मोटारीतून दिसत नाही आणि पायी आवाक्यात येत नाही. म्हणून मी तिथे ग्रॅव्हल सायकल नेतो. खाली वळलेलं हँडल, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे टायर, त्यांत हवा थोडी कमी. झेन्फ्टेनबर्गच्या तळ्याभोवतीची डांबरी वाट सोडून आत शिरलं की मुरूम लागतो, मग वाळू, मध्येच खाणीच्या काळातला सिमेंटच्या फरश्यांचा रस्ता, आणि पुढे एकाच वयाच्या पाइन झाडांच्या ओळी. झेन्फ्टेनबर्ग, गायर्सवाल्ड, पार्टवित्स, झेडलित्स ही तळी एका दिवसात गाठता येतात. ही सगळी तळी एकेकाळी लिग्नाइटच्या उघड्या खाणी होती. झेन्फ्टेनबर्गचं १९६७ ते १९७२ या काळात भरलं आणि १९७३पासून लोक तिथे पोहतात. कॉटबुसच्या पूर्वेचं सुमारे १९ चौरस किलोमीटरचं तळं भरायला २०१९च्या एप्रिलमध्ये सुरुवात झाली. माणसानं इतकं उकरलं आणि नंतर इतक्या चिकाटीनं सावरायला घेतलं, असं दुसरं ठिकाण मी पाहिलेलं नाही. तिथून परतताना मला आशा वाटते, आणि ती आशा भाबडी आहे असं मला वाटत नाही.

साशंक : तू पाणी भरल्यानंतर गेलास, म्हणून आशा वाटते. झेडलित्सच्या तळ्याकाठी गंजक्या पोलादाचा ३० मीटर उंच मनोरा आहे. २००८ साली उभारलेला. तू त्यावर चढून चहूकडची तळी पाहिली असशील. त्याच्या पायथ्याशी दोन तळ्यांना जोडणारा कालवा आहे, त्याला सोर्नो कालवा म्हणतात. सोर्नो हे गाव होतं, खाणीसाठी पाडलं. पलीकडच्या कालव्याला रोझनडॉर्फचं नाव आहे, तेही गाव गेलं. ग्रोस पार्टवित्सही गेलं. लाउझित्समध्ये कोळशापायी १३०हून जास्त गावं आणि वस्त्या पूर्ण किंवा अंशतः उठल्या. त्यांतली कितीतरी सोर्ब लोकांची होती. सोर्ब म्हणजे जर्मनीतले स्लाव्ह, आज सुमारे ६० हजार, त्यांच्या दोन भाषा, आणि त्यांपैकी उत्तरेकडची लोअर सोर्बियन अगदी मोजक्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेली. गाव उठलं की कुटुंबांना शहरात फ्लॅट मिळाला. पण जी भाषा अंगणात, चर्चच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात बोलली जायची, ती फ्लॅटच्या जिन्यात टिकत नाही. माझी हरकत तुझ्या सायकलीला नाही. इतकं निर्मळ पाणी, इतकी गुळगुळीत वाट आणि काठावर कॉफी असली, की खाली काय होतं हे विचारायची माणसाला गरजच वाटत नाही, ही माझी हरकत आहे.

सायकलस्वार : मला मात्र सोर्नो हे नाव सायकलीमुळेच कळलं. मोटारीनं आलो असतो तर वाहनतळ, किनारा आणि परत, एवढंच झालं असतं. कालव्यापाशी थांबलो, पाटी वाचली, हे नाव कुठून आलं याचा शोध घेतला. तो शोध मला फोर्स्ट शहराजवळच्या नव्या होर्नोपर्यंत घेऊन गेला. जुनं होर्नो खाणीपासून वाचवायला तिथले लोक अनेक वर्षं भांडले, कोर्टात गेले आणि हरले. नव्या वसाहतीत आता नाहीशा झालेल्या गावांचं संग्रहालय आहे, आणि तिथे पोचायला शेतांमधून सायकलीची वाट आहे. पण तू ज्या रीतीनं सांगतेस, त्यात एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला गाव, अशी सरळ विभागणी होते. खरी गोष्ट त्याहून गुंत्याची आहे. पूर्व जर्मनीची वीज मुख्यतः याच लिग्नाइटवर चालायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला लाउझित्समधून वर्षाला जवळपास २० कोटी टन कोळसा निघत होता आणि या धंद्यात ऐंशी हजारांच्या आसपास माणसं होती. ज्यांची गावं गेली त्यांच्याच घरातली मुलं एक्स्कॅव्हेटरवर बसत होती. होयर्सवेर्डाचा गेरहार्ड गुंडरमान हा गायक दिवसपाळी-रातपाळीनं खाणीत एक्स्कॅव्हेटर चालवायचा आणि त्याच उकरलेल्या भूमीवर गाणी लिहायचा. १९९८ साली तो गेला, अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी. २०१८ साली आंद्रेआस ड्रेसननं त्याच्यावर चित्रपट काढला. जमिनीवर माया आणि जमीन उकरायचं काम, ही दोन्ही त्या एका माणसात होती. मला ती तळी त्याच्यासारखी वाटतात.

साशंक : हे मी मान्य करते. खाणीत राबलेल्या माणसाला खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही. माझं आजोळ वणीकडचं आहे, तिकडेही कोळशाच्या खाणी आहेत. तिथे ज्याचं शेत खाणीत गेलं त्यालाच खाणीत नोकरी मिळते, आणि तो पुढची तीस वर्षं शेजाऱ्याचं शेत खणतो. तेव्हा माणसांपुरतं तुझं खरं. आता जमिनीकडे येऊ. तुझ्या टायरखालची जमीन खरंच पूर्वपदाला आली आहे, असं तुला वाटतं का? १२ ऑक्टोबर २०१० रोजी श्प्रेटालजवळ, खाण बुजवून बरीच वर्षं झालेल्या जमिनीचा प्रचंड मोठा पट्टा अचानक पातळ होऊन सरकला. वर चरणाऱ्या मेंढ्या त्यात गेल्या. त्याआधी, जुलै २००९मध्ये, सॅक्सनी-आनहाल्टमधल्या नाख्टरश्टेटला अशाच एका खाणतळ्याचा काठ घरांसकट पाण्यात गेला आणि तीन माणसं मेली. आपल्याकडे घुग्घुसला २०२२ साली जुन्या भूमिगत खाणीच्या वरचं एक घर जमिनीत गडप झालं, ते तू बातम्यांत पाहिलं असशील. तिथली खाण निराळी, खडक निराळा. तरी आतून पोखरलेली जमीन काम थांबलं म्हणून थांबत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

सायकलस्वार : श्प्रेटालनंतर लाउझित्समध्ये हजारो हेक्टर जमीन बंद केली. मी ज्या वाटांनी जायचो त्यांतल्या काही तेव्हापासून बंदच आहेत. झाडाला पिवळी पाटी, त्यावर जिवाला धोका असल्याची सूचना, आणि पलीकडे तोच पाइन, तीच वाळू. सुरुवातीला मला तो अतिरेक वाटायचा. मग मी समजून घेतलं. उघड्या खाणीत कोळशाच्या वरची माती काढून मागे टाकत जातात. लिश्टरफेल्डला ते यंत्र अजून उभं आहे, एफ-६० नावाचा कन्व्हेयर पूल. लांबी ५०२ मीटर. ६० मीटर जाडीचा मातीचा थर कापून तो खड्ड्यापलीकडे टाकायचा. १९९१ ते ९२ असा जेमतेम वर्षभर चालला, आणि आज लोक त्यावर चढून पाहतात. तर, इतक्या उंचावरून टाकलेली वाळू सैल बसते, कण कणाला जेमतेम टेकलेला. खाण चालू असताना भूजल उपसून खाली ठेवलेलं असतं म्हणून ती कोरडी आणि उभी राहते. उपसा थांबला की पाणी परत वर येतं, सैल कणांच्या मधल्या पोकळ्या भरतात, आणि मग एखाद्या धक्क्यानं, कधी धक्क्याशिवायही, कणांची पकड सुटते. सगळा ढिगारा घटकाभर द्रव होतो. उपाय म्हणजे ती वाळू आधीच घट्ट करायची. लांब पोलादी नळी थरथरवत खोल उतरवतात आणि हळूहळू वर काढतात. कुठे जमिनीत लहान स्फोट करतात. असं करत काठाच्या आत घट्ट वाळूचा एक लपलेला बांध तयार होतो. तळ्याकाठच्या कितीतरी वाटा त्या बांधाच्या भरवशावर आहेत. मी जिथून जातो ती जागा कोणीतरी मीटर-मीटर करून हलवून, दाबून, मोजून दिलेली आहे. त्या श्रमाबद्दल मला आदर आहे. आणि पिवळ्या पाट्यांबद्दलही, कारण जे अजून जमलेलं नाही ते त्या उघडपणे सांगतात.

साशंक : तुझा आदर रास्त आहे. पण त्या श्रमाचे पैसे कोणी दिले? १९९० नंतर पूर्व जर्मनीतल्या बहुतेक खाणी बंद पडल्या. ज्या सरकारी उद्योगानं त्या खणल्या होत्या, तो मागे जबाबदारी घ्यायला उरला नाही. तेव्हा केंद्र सरकारची एक कंपनी उभी राहिली, एलएमबीव्ही, तिचा खर्च केंद्र आणि राज्यं मिळून उचलतात, आणि लाउझित्स आणि लाइपझिगकडच्या खाणी मिळून आजवर १० अब्ज युरोंहून जास्त खर्च झाला आहे. काम अजून संपलेलं नाही. याचा अर्थ, तीस वर्षांहून जास्त काळ श्रीमंत देशाचा करदाता हा भार वाहतो आहे, तेव्हा कुठे तुझी चाकं फिरतात. आपल्याकडे उघड्या खाणीच्या मातीला सगळे ओबी म्हणतात, आणि ते ओबीचे डोंगर घुग्घुसच्या, वणीच्या रस्त्यानं जाताना तूही पाहिलेस. तिथे पाण्यानं भरलेले खड्डे आहेत, काहींचा रंग अगदी तुझ्या तळ्यांसारखा निळा-हिरवा. त्यांची छायाचित्रं लोक हौसेनं पाठवतात. उद्या कोणी तिथे चार बाकं ठेवली, कुंपण रंगवलं, सायकलींसाठी मुरूम टाकला आणि याला पुनर्वसन म्हटलं, तर लाउझित्सचं नाव त्याला दाखला म्हणून वापरलं जाईल. मला भीती आहे ती याची. तुझ्या डोळ्यांसमोर शेवटची पायरी आहे, आणि ती सर्वांत स्वस्त आहे.

सायकलस्वार : ही भीती मला मान्य आहे, आणि तू म्हणतेस त्या रंगाबद्दल मी आणखी एक सांगतो, जे तुझ्या बाजूनं जाईल. भूजल खाली गेलं की लाउझित्सच्या थरांतल्या पायराइटला हवा लागते. गंधक आणि लोखंडाचं ते खनिज. पाणी परतलं की त्यातून गंधकाम्ल आणि विरघळलेलं लोह सुटतं. तिथल्या कितीतरी तळ्यांचं पाणी सुरुवातीला पीएच तीनच्या आसपास होतं, व्हिनेगरइतकं आंबट. त्यात मासे नाहीत, शेवाळं फार कमी, म्हणून ते इतकं नितळ दिसतं. मी पहिल्यांदा ज्या निळाईवर भाळलो, ती आजाराची खूण होती. आता बोटी फिरतात आणि पाण्यात चुना सोडतात, आणि तो एकदा सोडून भागत नाही, कारण भूजलातून आम्ल येतच राहतं. पण हे कळल्यावर माझं तिथे जाणं थांबलं नाही, उलट वाढलं. पुण्याबाहेरच्या खाणीतल्या खडकाकडे पाहून मला काही कळत नाही, तो मुकाट असतो. लाउझित्समध्ये ओहोळाचा तळ गंजासारखा केशरी दिसला की वरच्या अंगाला कोणती खाण असेल याचा अंदाज बांधता येतो. मोकळ्या टेकाडावर बर्च आणि पलीकडे जुनं मिश्र जंगल दिसलं की खाणीची कड कुठून गेली ते ओळखता येतं. हे वाचायला जो वेग लागतो, तो ग्रॅव्हल सायकलीचा आहे. रस्त्यावरच्या सायकलीवर मी खाली मान घालून दामटतो, डोंगरातल्या सायकलीवर पुढचा दगड चुकवतो. इथे खडीवर हात सैल सोडून मान वर ठेवता येते.

साशंक : मग तो केशरी ओहोळ पुढे कुठे जातो तेही पाहा. तो श्प्रे नदीत जातो. लोहामुळे नदी तपकिरी होते. श्प्रेम्बर्गच्या धरणात बराचसा गाळ अडतो म्हणून खालचं श्प्रेवाल्ड, ते पाणवाटांचं जंगल, अजून वाचलं आहे. लोह तरी अडतं. विरघळलेलं सल्फेट कुठेच अडत नाही, ते बर्लिनपर्यंत जातं, आणि तिथल्या पिण्याच्या पाण्याचा एक भाग श्प्रेच्याच काठच्या विहिरींतून येतो. तू बर्लिनला नळाचं पाणी पितोस, तेव्हा या खाणींशी तुझं नातं तळ्याकाठी संपत नाही. आणि खरी अडचण गुणवत्तेपेक्षा प्रमाणाची आहे. शंभराहून जास्त वर्षं खाणींनी भूजल उपसून श्प्रेत सोडलं. १९९०च्या सुमारास लाउझित्समध्ये जवळपास २१०० चौरस किलोमीटर क्षेत्रात भूजल खाली गेलेलं होतं. नदीत जे वाहत होतं त्यात हे उपसलेलं पाणी मोठ्या प्रमाणात होतं, आणि शहरं, कारखाने, शेती त्याच्या हिशेबानं वाढली. जर्मनीत कोळसा उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबणार. खाणी थांबल्या की उपसा थांबतो. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेनं २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटलं आहे, की कोरड्या उन्हाळी महिन्यांत श्प्रेचं पाणी काही ठिकाणी ७५ टक्क्यांपर्यंत घटू शकतं. आता याच नदीतलं पाणी वळवून तळी भरायची, आणि भरली की उन्हाळ्यात त्यांच्या उघड्या पृष्ठभागावरून वाफ होऊन जाणार. तिथे वर्षाला साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या अवर्षणाच्या पट्ट्याएवढाच. म्हणून एल्ब नदीतून पाणी आणण्याच्या योजना चर्चेत आहेत. एक खड्डा भरायला दुसऱ्या नदीकडे हात पसरायचा. तुझं ते तळं मला नदीच्या खात्यावरचं कर्ज वाटतं.

सायकलस्वार : मग तळी भरूच नयेत का? हा पर्याय मला कोणी नीट मांडून दाखवलेला नाही. खड्डा आहेच. त्यातला कोळसा वीज होऊन गेला, ती वीज परत मागता येत नाही. काहीच केलं नाही तरी भूजल वर येईल आणि खड्डा आपोआप भरेल, फक्त दशकं जास्त लागतील आणि येणारं पाणी जास्त आंबट असेल. नदीचं पाणी लवकर सोडलं तर काठावर आतून दाब राहतो, काठ कमी ढासळतो, आम्लही कमी सुटतं. म्हणून घाई केली जाते. पर्यटन हे त्याचं एकमेव कारण नाही. गोव्यात डिचोली-सांगेच्या लोहखाणींच्या खंदकांतही पाणी साठलं आहे आणि उन्हाळ्यात टंचाई पडली की तिथलं पाणी उपसून नदीत सोडतात, ओपाच्या पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पासाठी. ते चांगलं की वाईट हे मी ठरवू शकत नाही, पण खड्डा एकदा झाला की तो त्या भागाच्या पाणीव्यवस्थेचा भाग होतो, आपल्याला आवडो न आवडो. तू कर्ज म्हणतेस, ते मला पटतं. फक्त ते कर्ज तळ्यानं काढलं नाही, कोळशानं काढलं. तळं हा हप्ता आहे.

साशंक : आणि हप्ते किती पिढ्या, ते कुठेच लिहिलेलं नाही. चुना टाकायचा, पातळी राखायची, बांध तपासायचे, कालव्यांची दारं चालवायची. यांतली काही कामं आपल्या पतवंडांनंतरही चालू ठेवावी लागतील. त्या वाटांवर ज्या पाट्या आहेत, त्यांवर तळ्याचं क्षेत्रफळ असतं, खोली असते, कुठल्या साली खाण सुरू झाली हे असतं. गेल्या वर्षी किती चुना पडला आणि त्याचे पैसे कोणाकडून आले, हे असायला हवं. पाडलेल्या गावाचा नकाशा असायला हवा, घरांच्या नावांसकट. तसं असेल तर मी तुझ्याबरोबर येईन.

सायकलस्वार : चुन्याचा हिशेब लिहावा, यात माझा जराही विरोध नाही. पण मग कुंपणापलीकडच्या जागेचं काय? लुकाउजवळ वानिन्शेनला खाणीची हजारो हेक्टर जमीन हाइन्झ झीलमान यांच्या प्रतिष्ठाननं २००० पासून विकत घेऊन निसर्गासाठी राखली. शरद ऋतूत तिथे हजारो क्रौंच उतरतात. उथळ पाणी, आणि माणूस आत जाऊ शकत नाही, म्हणून उतरतात. जर्मनीत लांडगे परतल्यावर त्यांची पहिली पिल्लं २०००च्या सुमारास जन्मली तीही लाउझित्समध्येच, लष्करी सरावाच्या जागेत, जिथे माणसांचा वावर नव्हता. माझं म्हणणं असं, की ज्या पट्ट्यात जमीन अजून धोक्याची आहे, तिथे ती घट्ट करायला पुढची वीस वर्षं स्फोट करत बसण्यापेक्षा काही भाग तसाच सोडावा. माझी सायकल बाहेरून जाईल.

साशंक : वानिन्शेन हे गाव होतं, हे तुला ठाऊक आहे. खाणीनं ते जवळजवळ सगळं खाल्लं. तुझं तिथे काही नव्हतं, म्हणून बाहेरून जाणं तुला सोपं आहे. ज्यांचं घर, विहीर, आजीची कबर त्या पट्ट्यात होती, त्यांना आधी कोळशासाठी बाहेर काढलं आणि आता क्रौंचांसाठी बाहेर ठेवायचं? मी इतका वेळ तुझ्या सायकलवाटेवर शंका घेतली, पण इथे मी म्हणेन की जमीन घट्ट करा, वाट करा, निदान वर्षातून काही दिवस त्या लोकांना आत जाऊ द्या.

सायकलस्वार : वाट केली की ती फक्त त्यांची राहणार नाही. पहिल्या उन्हाळ्यात मीच तिथे पोचेन, माझ्यामागे माझ्यासारखे शेकडो, आणि क्रौंच दुसरीकडे जातील. तू ज्या गुळगुळीतपणाला घाबरत होतीस, तो तू स्वतःच तिथे नेशील. आणि त्या जागी आता ना विहीर आहे ना कबर. माती साठ मीटर उलटीपालटी झालेली आहे. ते लोक तिथे जाऊन नेमकं कुठे उभे राहणार?

साशंक : ते त्यांना ठरवू दे. आईच्या हातच्या झाडाची जागा नकाशावरच्या एका बिंदूएवढीच उरली, तरी तिथवर जावंसं वाटणारी माणसं असतात. वणीला अशी मी पाहिली आहेत. आणि क्रौंचांसाठी ती जागा सोडावी असं म्हणणारेही त्यांच्यातलेच काही निघतील, तेव्हा त्या म्हणण्याला तुझ्या म्हणण्यापेक्षा जास्त वजन असेल. सोर्नोसारख्या गावांतून लहानपणी उठलेली मुलं आज साठीच्या आसपास, त्याही पुढे आहेत.

सायकलस्वार : आणि त्यांचं आपसात जुळलं नाही तर? होर्नोत शेवटपर्यंत घर न सोडणारे होते, तसे आधीच भरपाई घेऊन गेलेलेही होते. नातवंडं ड्रेस्डेनला, बर्लिनला आहेत, काहींना ती भाषाही येत नाही. त्यांनाही विचारायचं का?

साशंक : विचारायचं. ज्यांनी भरपाई घेतली त्यांनाही. आणि उत्तरं येईपर्यंत ना बांध घालायचा, ना ती जागा कायमची राखीव म्हणून जाहीर करायची.